कुलूपबंद घरांना येणारे फोन

बीडमधल्या एका महाविद्यालयात सायकल स्टँडच्या वरच्या मजल्यावर पत्रकारिता विभागाची एकच खोली आहे. त्या खोलीत विजयमालाबाई एकोणीस वर्षे शिकवत आल्या आहेत. नेमणूक तासिका तत्त्वावरची. जूनमध्ये अर्ज करायचा, एप्रिलमध्ये घरी बसायचे, पुन्हा जूनमध्ये अर्ज. त्यांना त्याचे काही वाटेनासे झाले आहे. मूळच्या त्या गेवराई तालुक्यातल्या तलवाड्याच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. अंगाने सडसडीत, आवाज मात्र असा की खालच्या सायकल स्टँडवरची पोरेही बोलणे थांबवतात.

तरुणपणी त्या एका जिल्हा दैनिकाच्या बातमीदार होत्या. तेव्हा एकदा त्यांनी एका गावकऱ्याचे बोलणे नाव न देता छापले. दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने एका सुरात सांगितले की असे इथे कोणी बोललेच नाही. दैनिकाला खुलासा छापावा लागला. संपादकांनी त्यांना समोर बसवून सांगितले, "ज्याला नाव नाही, तो माणूस बोललाच नाही असं समजायचं, बाई." हे वाक्य त्यांच्या मनात खिळ्यासारखे बसले. तेव्हापासून त्यांच्या वहीत डाव्या पानावर बोलणे आणि उजव्या पानावर माणूस असे ठरून गेले. माणूस म्हणजे नाव, गाव, वय, फोन. उजवे पान कोरे असेल तर डावे पान फाडून टाकायचे. विद्यार्थ्यांच्या वह्या त्या याच नियमाने तपासत आणि पाने खरोखरच फाडत.

सहा वर्षांपूर्वी नॉर्वेतल्या एका महाविद्यालयाच्या प्राध्यापिका ऊसतोड मजुरांचा अभ्यास करायला बीडला आल्या होत्या. विजयमालाबाई त्यांच्याबरोबर पंधरा दिवस गावोगाव हिंडल्या. त्यातून एक करार झाला. दरवर्षी इथला एक विद्यार्थी तीन महिने तिकडे जाणार आणि तिकडचा एक इथे येणार. अट एकच होती. जाणाऱ्याने आधी तिकडच्या कुठल्यातरी नियतकालिकाला स्वतंत्रपणे एक लेख देऊन तो मंजूर करून घ्यायचा, आणि लेखातला प्रत्येक माणूस खरा आहे असे शिक्षकाने सही करून लिहून द्यायचे.

स्वतः विजयमालाबाईंनी विमान कधी आतून पाहिलेले नाही. पण तयारी त्या अशी करून घेत की जणू माहेर तिकडेच आहे. भिंतीवर दोन घड्याळे लावलेली, एक बीडचे आणि एक साडेचार तास मागे चालणारे. संपादकाला मेल लिहायची ती चार ओळींची, पाचवी ओळ आली की खोडायची. थंड दूध आणि पाव खाऊन दिवस काढायची सवय करायची. तिकडे शिक्षकांना नावाने हाक मारतात, म्हणून आठवड्यातून एकदा प्रत्येकाने उभे राहून म्हणायचे, "विजयमाला, मला तुमचं पटत नाही." पोरे हसून हसून बाकाखाली जात. एकाने तर म्हटले होते, "विजयमाला मॅडम, मला तुमचं पटत नाही जी."

सगळ्यात अवघड धडा शेवटचा असे. "तिथे तुम्हाला भाषा येणार नाही. कोणी तुमच्याशी बोलणार नाही. म्हणून आत्ताच अशा जागी जाऊन दोन तास बसा जिथे तुमचं कोणी नाही, आणि फक्त ऐका."

यंदा त्या धड्यासाठी सत्यशीला दिंद्रुडजवळच्या एका वस्तीवर जाऊन बसली.

सत्यशीला शेवटच्या वर्षाला होती. तिचे घरही गेवराईकडचे, बागायती, चुलते राजकारणात. घरात तिच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले होते आणि वडिलांनी स्पष्ट सांगितले होते, "परदेशाचं जमलं तर जा, मी आडवा येत नाही. न्हाई जमलं तर उन्हाळ्यात उरकून टाकू." ती चेष्टा नव्हती. नियतकालिकातला तो एक लेख तिच्या आणि मांडवाच्या मधे उभा होता.

ती ज्या वस्तीवर गेली तिथे एकोणीस घरे होती. दिवाळीनंतर सगळी माणसे ऊस तोडायला कर्नाटकातल्या कारखान्यांवर, तिथल्या कोप्यांत म्हणजे पाचटाच्या झोपड्यांत, राहायला गेली होती आणि एक घर सोडून बाकी एकूणएक दाराला कुलूप होते. मागे राहिली होती गीताबाई नावाची एक म्हातारी आणि दोन कुत्री. सत्यशीला एका लिंबाखाली वही उघडून बसली. पहिला दीड तास तिने वाऱ्याने वाजणारे पत्रे ऐकले. मग दिवस मावळतीला लागला आणि पहिल्या घरातून फोनची घंटा वाजली.

दार बाहेरून बंद. घंटा तीनदा वाजून थांबली आणि आतून पुरुषाचा मोठा, खरखरीत आवाज आला, "आलो गं कोपीवर. आज उसाच्या दोन टायरगाड्या भरल्या. पाय लई दुखतोय. बरं हाय सगळं." मग शांतता. लगेच पलीकडच्या घरात घंटा. मग त्याच्या पलीकडच्या. अर्ध्या तासात त्या ओस वस्तीवर अकरा घरे बोलून गप्प झाली.

गीताबाईने तिला उलगडून सांगितले. जाताना प्रत्येक घरात एक जुना साधा मोबाइल चार्जरला लावून ठेवतात. फोन आपोआप उचलला जाईल अशी सोय त्यात चालू करतात आणि छोटा स्पीकर जोडतात, म्हणजे आवाज घरभर ऐकू येतो. "घर सा म्हैने मुकं ऱ्हायलं की बिघडतंय बाई. त्येला मानसाचा आवाज लागतोय. म्हणून दिवस बुडायला जो तो आपल्या घराला फोन करतो."

सत्यशीलाने तो लेख मराठीत लिहिला, मग इंग्रजीत, मग पुन्हा निम्मा करून इंग्रजीत. फोटो जोडले. तिकडच्या एका साप्ताहिकाच्या संपादिकेने दोन दिवसांत उत्तर पाठवले की लेख आम्हाला हवा आहे. विभागात पेढे वाटले गेले. मग जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी संपादिकेची दुसरी मेल आली. तिसऱ्या घराबद्दल एक शंका होती. लेखात लिहिले होते की फोनवरून एका बाईने विचारले, "जेवलीस का?" आणि उत्तर आले, "जेवले. दार लावलंय." फोन करणारी बाई कोण ते लेखात होते, जानकीबाई नावाची ऊसतोड कामगार. पण उत्तर कोणी दिले? शुक्रवारी तिकडच्या वेळेने दुपारी दोनपर्यंत नाव कळवावे.

विजयमालाबाईंनी सत्यशीलाची वही मागवली. डाव्या पानावर उत्तराचे ते तीन शब्द होते. उजवे पान कोरे होते.

"हे कोण बोललं?"

"मॅडम, मला वाटलं तेपण फोनमधूनच आलं. कोपीवरची दुसरी कुणीतरी बाई असेल." सत्यशीलाने कोऱ्या पानावरून बोट फिरवले. "पण आता आठवते तसं वाटतं की तो आवाज स्पीकरचा नव्हता. साधा होता. दाराला चिकटून."

"दाराला कुलूप होतं?"

"फोटोत आहे ना. बघा."

फोटोत कुलूप होते. विजयमालाबाईंनी तो मोठा करून पाहिला आणि मग डावे पान फाडायला गेलेला हात परत घेतला. बुधवारी सकाळी दोघी परळीच्या एसटीने निघाल्या.

दिंद्रुडला उतरून रिक्षाने कच्च्या रस्त्याला लागल्या. रिक्षावाल्याने वस्तीचे नाव ऐकून मागे वळून पाहिले. "तिथं कोण हाय आता? सगळी गेलती दिवाळीलाच. कावून चाललाव?" सत्यशीला म्हणाली, "घरं बघायला." तो म्हणाला, "घरंच हायती तिथं," आणि त्यांना वस्तीच्या अलीकडे दोनशे पावलांवर सोडून वळून गेला.

दुपारचे तीन वाजले होते. ऊन स्वच्छ होते, आणि त्या स्वच्छ उन्हात ती वस्ती पाहून विजयमालाबाईंना कसेतरीच झाले. धुळीत कोणाचे पाऊल नव्हते. चुलींमधली राख वाऱ्याने सपाट केली होती. एका दारासमोर लहान मुलाची एकच चप्पल पालथी पडली होती. पण एवढ्या सगळ्यात कुठेही ओसाडी अशी वाटत नव्हती. एखाद्या लग्नघरात सगळे एकाएकी बोलायचे थांबावेत तशी ती शांतता होती.

गीताबाई आपल्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. सत्यशीलाला पाहून तिने शेंगा सोलणे थांबवले नाही. "परत आली का पोरी? आता ह्या कोण आणल्या संगं?"

"माझ्या मॅडम आहेत, आज्जी."

"मावशी," विजयमालाबाई खाली बसत म्हणाल्या, "तिसऱ्या घरात कोण आहे?"

"आश्रुबाचं घर हाय ते. आश्रुबा आन् जानकी गेल्यात टोळीसंगं."

"ते माहीत आहे. आत कोण आहे?"

"घर हाय."

"घर 'जेवले' म्हणत नाही, मावशी."

गीताबाई पहिल्यांदा हसली. दात नव्हते, त्यामुळे ते हसू आतल्या आत दुमडल्यासारखे दिसले. "तुमी शाळंतल्या बायका. तुमाला काय म्हाईत घर काय म्हणतंय."

त्या थांबून राहिल्या. सत्यशीलाने आणलेला डबा तिघींनी खाल्ला. गीताबाईने ठेचा वाढला, सत्यशीलाच्या डोळ्यांत पाणी आले, आणि म्हातारी म्हणाली, "हे खायला यायचं न्हाई तुला, आन् निघाली परमुलखात." पाच वाजता ऊन पिवळे झाले. साडेपाचला कुत्री उठून गीताबाईच्या ओट्याखाली जाऊन बसली. कोणी बोलावले नव्हते.

सहाच्या सुमारास पहिली घंटा वाजली.

लेखात वाचणे वेगळे आणि ऐकणे वेगळे. विजयमालाबाई तिसऱ्या घराच्या भिंतीला कान लावून उभ्या राहिल्या. शेजारच्या घरातला आवाज बैलाचे काहीतरी सांगून गप्प झाला. मग या घरात घंटा, आणि बाईचा दमलेला आवाज, "जेवलीस का गं?"

"जेवले." ते उत्तर विजयमालाबाईंच्या कानापासून एका विटेच्या अंतरावर होते. "दार लावलंय."

"पाणी हाय?"

"हाय."

"वाच. झोपू नको लवकर."

फोन बंद झाला. विजयमालाबाईंचे डोके बातमीदाराचे होते. त्या सरळ घराच्या मागे गेल्या. कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या होत्या, आणि त्यांच्यामागे एक ठेंगणे खिडकीवजा दार होते, आतून कडी लावलेले. त्यांनी बोटाने टकटक केले.

"सुरेखा," मागून गीताबाईचा आवाज आला. ती काठी टेकत मागे आली होती. "उघड. ह्या न्हाई जात आता."

दार उघडले. आत पंधरा-सोळा वर्षांची पोरगी होती. अंगात भावाचा शर्ट, केसांना तेल, हातात दहावीच्या गणिताचे पुस्तक. तिचा रंग उन्हाला पारखा झाल्यासारखा फिका पडला होता.

गीताबाईने उभ्याउभ्या सगळे सांगून टाकले. मागच्या साली खालच्या वस्तीवर एक पोर एकटी राहिली होती, परीक्षेसाठी. कळल्यावर एक माणूस घरात शिरला. पोर वाचली, पण सोयऱ्यांनी पंधरा दिवसांत तिचे लग्न लावून दिले. यंदा सुरेखाने हट्ट धरला की कारखान्यावर येणार नाही, मार्चमध्ये परीक्षा द्यायची. तेव्हा आश्रुबाने दिंद्रुडच्या आपल्या भावांसकट बाहेरच्या सगळ्यांना सांगितले की पोरगी आमच्यासंगे चालली. बैलगाडीत घोंगडे पांघरून बसवलेले बोचके लोकांना पोरगीच वाटले. आणि पोरगी आत राहिली. पण आई रोज फोनवर बोलल्याशिवाय राहणार कशी? बंद घरातून बोलण्याचा आवाज आला तर वाटसरूला कळणारच. म्हणून आश्रुबाच्या टोळीतल्या अकरा घरांनी ठरवले की सगळ्यांचीच घरे बोलतील. एक घर बोलले तर संशय. अकरा बोलली तर लोक भ्यायले, आणि फिरकेनासे झाले.

"म्हणजे ते घर बिघडतं, आवाज लागतो..." सत्यशीला म्हणाली.

"ते मी तयार केलं," गीताबाई म्हणाली. तिला त्याचा थोडा अभिमान होता. "आन् तू लिवून घेतलंस."

सत्यशीलाचा चेहरा पडला. विजयमालाबाईंना मात्र हलके वाटले. उजवे पान भरले होते. नाव होते, गाव होते, वय होते. त्यांनी सुरेखाला विचारले, "भीती वाटत नाही इथं एकटीला?"

"मानसांची वाटते," सुरेखा म्हणाली. मग तिने वस्तीच्या दुसऱ्या टोकाकडे हनुवटी केली. "शेवटच्या घराची पयलं वाटायची. आता सवय झाली."

"तिथं कोण आहे? तिथंही एखादी मुलगी आहे?"

"कोणी न्हाई. रामहरी काकाचं घर हाय. सगळी गेल्यात, कोणी मागं ठेवलं न्हाई. मी मागल्या बाजूनं जाऊन बघितलंय दोनदा." तिने गीताबाईकडे पाहिले. "पर उत्तर येतंय."

गीताबाईने काठीच्या टोकाने माती उकरली. हा भाग तिने तयार केलेला नव्हता, हे विजयमालाबाईंच्या लक्षात आले.

शेवटच्या घराची घंटा सगळ्यात उशिरा, साडेसहाला वाजत असे, सुरेखा म्हणाली. अजून दहा मिनिटे होती. दोघी तिकडे गेल्या. दाराला गंजके कुलूप होते आणि कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्याचे जाळे अखंड होते. सत्यशीलाने आपला मोबाइल रेकॉर्डिंगला लावून उंबऱ्यावर ठेवला, आणि दोघी वीसेक पावले मागे एका बाभळीखाली जाऊन उभ्या राहिल्या. सत्यशीलाने मॅडमचा हात धरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच.

घंटा. मग रामहरीचा आवाज, "मी बोलतोय. जनावरं बरी हायती. पोरं झोपली. चैत्रात येतो."

आणि आतून, सावकाश, "या."

तो बाईचा होता की पुरुषाचा, हे विजयमालाबाईंना सांगता आले नसते. फोन तुटल्याचा टूंटूं आवाज झाला. दोघी थोडा वेळ जागच्या हलल्या नाहीत. मग सत्यशीला पळत जाऊन मोबाइल घेऊन आली.

शेवटची गाडी गाठायची होती. निघण्याआधी विजयमालाबाईंनी सुरेखाला आपला नंबर दिला आणि दर रविवारी गणित घ्यायला येईन असे सांगितले. गीताबाई म्हणाली, "अंधार पडल्यावर या. आन् रिक्षा लांब सोडा."

दिंद्रुडच्या स्टँडवर त्यांनी रामहरीला फोन लावला. नंबर गीताबाईने दिला होता. तिकडे ट्रॅक्टरचा आवाज येत होता.

"रामहरीभाऊ, मी बीडहून बोलतेय, कॉलेजमधून. तुमच्या घरातून उत्तर कोण देतं?"

"कोण बोलतंय? बाई, आमाला काम हाय."

"तुम्ही 'चैत्रात येतो' म्हणालात. आतून 'या' म्हणालं. मी ऐकलं."

तो ट्रॅक्टरपासून लांब गेला. मग हळू आवाजात म्हणाला, "सगळी पोरीसाठी फोन करतात. मीबी त्याच्यासाठीच सुरू केला. पयल्या दिवशीच उत्तर आलं. तवापसनं मी पोरीसाठी करत न्हाई. उत्तर येतंय म्हणून करतो. कोण हाय ते इचारायचं न्हाई, बाई. इचारलं की जातं." आणि फोन ठेवून दिला.

गाडीत दोघी शेजारी बसल्या. तेलगाव मागे पडले. मग सत्यशीला म्हणाली, "मॅडम, नाव मिळालं. सुरेखा. संपादिकेला फक्त आपसात कळवू. छापताना नाव बदलतील. असं करतात, तुम्हीच शिकवलंय."

"फोटोत तिसरं घर आहे. वस्तीचं वर्णन आहे. अकरा घरं मोजता येतात."

"नॉर्वेतला माणूस येणार आहे का मोजायला?"

"नॉर्वेतला नाही येणार. मंजुरी आली त्या दिवशी तुझ्या चुलत्यांनी काय केलं? तीन ग्रुपवर टाकलं. लेख छापून आला की दुसऱ्या दिवशी त्याची लिंक दिंद्रुडच्या हॉटेलात पोचेल. आणि आश्रुबाचे भाऊ तिथेच चहा पितात."

"मग तिसरं घर काढून टाकू. फक्त प्रथा ठेवू."

"प्रथा नाहीच आहे, सत्यशीला. ती एक भिंत आहे. लेख आला की लोक बघायला येतील. बघायला आले की भीती जाईल."

सत्यशीलाने खिडकीबाहेर पाहिले. काचेत तिचे डोळे भरलेले दिसत होते. ती अगदी हळू म्हणाली, "विजयमाला, मला तुमचं पटत नाही."

वर्गात यावर सगळे हसत असत. आता कोणी हसले नाही.

"सुरेखाला परीक्षा आहे म्हणून तिनं कोंडून घ्यायचं, आणि मी तिच्यासाठी मांडवात बसायचं? माझं काय मॅडम?"

"तुझं जातं," विजयमालाबाई म्हणाल्या. खोटे सांगणे त्यांना सुचले नाही. "मी सही करणार नाही. पण तू माझ्या सहीशिवायही संपादिकेला नाव कळवू शकतेस. लेख तुझा आहे. तो ती छापेल, तुला अडवायला मी कोण?"

गुरुवारी सत्यशीला विभागात आली नाही. विजयमालाबाईंनी दिवसभरात चार वेळा तिला फोन लावायला घेतला आणि लावला नाही. एवढ्या वर्षांत त्यांनी पोरांना नाव शोधायला शिकवले होते. नाव हातात असून ते गिळायला कधी शिकवले नव्हते, आणि दोन दिवसांत ते येईल अशी अपेक्षा कशाच्या जोरावर करायची, हा प्रश्न त्यांना दिवसभर छळत राहिला.

शुक्रवारी संध्याकाळी सहाला ती आली. केस विंचरलेले नव्हते. भिंतीवरच्या दुसऱ्या घड्याळात दीड वाजला होता. तिने लॅपटॉप उघडला आणि लिहिलेली मेल मॅडमसमोर वळवली. चार ओळींची होती. एका माणसाच्या सुरक्षिततेसाठी मी हा लेख आणि सगळे फोटो मागे घेत आहे. कारण सांगू शकत नाही. आपल्याकडच्या प्रती पुसून टाकाव्यात ही विनंती. क्षमस्व.

"बरोबर आहे इंग्रजी?" तिने विचारले.

"बरोबर आहे."

तिने मेल पाठवली. वीस मिनिटांनी उत्तर आले. प्रती पुसल्या आहेत, निर्णयाचा आदर आहे. पाठोपाठ, संपादिकेने कळवल्यावर, तिकडच्या प्राध्यापिकेची मेल आली की मुदतीत लेख नसल्याने यंदाची जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला, म्हणजे तानाजीला, जाईल. सत्यशीलाने ते दोनदा वाचले. "तानाजीला थंड दूध पचत नाही," ती म्हणाली, आणि मग रडली. विजयमालाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि उन्हाळ्याच्या आत आपण तुझ्या वडिलांशी बोलायला येऊ असे सांगितले. ते ऐकतील असे दोघींपैकी कोणालाही वाटले नाही.

मग उरलेले पुसायचे काम होते. लॅपटॉपवरचे फोटो गेले. इंग्रजी मसुदे गेले. वहीची ती पाने सत्यशीलाने स्वतः फाडली आणि बारीक केली. शेवटी मोबाइलमधले रेकॉर्डिंग राहिले. चार मिनिटे अकरा सेकंदांचे.

"हे एकदा ऐकू का, पुसायच्या आधी? त्या दिवशी मी ऐकलंच नाही परत."

विजयमालाबाईंनी मान हलवली. सत्यशीलाने मोबाइल टेबलावर ठेवला.

वारा. घंटा. मग रामहरी, जनावरं, पोरं, चैत्र. मग तो सावकाश आलेला आवाज, "या." मग फोन तुटल्याचा टूंटूं. त्यानंतर नुसता वाऱ्याचा आवाज होता, कारण त्या वेळी त्या दोघी वीस पावले दूर बाभळीखाली उभ्या होत्या. सत्यशीलाने बंद करायला बोट पुढे केले, तेवढ्यात उंबऱ्याच्या अगदी आतून, फोन बंद असताना, तोच आवाज पुन्हा आला.

"दोघीबी या."

खोलीत भिंतीवरची दोन्ही घड्याळे वाजत होती. सत्यशीलाचे बोट तसेच हवेत राहिले होते. पण ती पत्रकारितेची विद्यार्थिनी होती, आणि विजयमालाबाईंना तिच्या डोळ्यांत भीतीच्या मागून दुसरे काहीतरी वर येताना दिसले. जगातले कुठलेही नियतकालिक हे घेतले असते. यात सुरेखा नव्हती. यात कोणाचेच नाव नव्हते.

"मॅडम," ती कुजबुजली, "हे ठेवायचं?"

"वस्ती तीच आहे," विजयमालाबाई म्हणाल्या. "पूस."

सत्यशीलाने पुसले. मोबाइलने खात्री करून घेण्यासाठी पुन्हा विचारले, तेव्हा दुसऱ्यांदाही पुसले. मग दोघी तशाच बसून राहिल्या. जिन्यावरचा दिवा कोणीतरी लावायला हवा होता, पण आधी उठून दाराकडे कोणी जायचे, हे त्यांचे ठरेना.